धागा : नान्नजच्या माळावर मुलं न्यायची, तर गाडीभाडं कुणी द्यायचं?

माळकरी_सर
नमस्कार मंडळी. मी सोलापुरातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. दरवर्षी फळ्यावर अन्नजाळं काढतो. गवत, नाकतोडा, सरडा, भोवत्या (शिकारी पक्षी), मग बाण, मग उलटे बाण. मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. शाळेपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे, तिथं ही सगळी मंडळी खरीखुरी फिरत असतात. वर्गातल्या ४२ मुलांपैकी त्याआधी तिथं गेलेली मुलं होती दोन.

गेल्या हिवाळ्यात ठरवलं, न्यायचंच. खाजगी बसवाल्यानं साडेसहा हजार सांगितले. माणशी दीडशे रुपये ठेवले. पैसे आले १९ जणांचे. न आलेल्यांत बहुतेक विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातली. एक पोरगी म्हणाली, "सर, मला बरं नाही त्या दिवशी." सहल आठ दिवसांवर होती. आठ दिवस आधीच तिला माहीत होतं, त्या दिवशी बरं नसणार.

उरलेले मी आणि दोन सहकाऱ्यांनी भरले. हे दरवर्षी जमणार नाही. शिवाय एका फेरीत काही होत नाही, तोच माळ पावसाळ्यानंतर, थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर असा तीनदा बघायला हवा. माझा प्रश्न साधा आहे. शाळेच्या मुलांना प्रत्यक्ष हाताळून, बघून निसर्ग शिकवायचा तर पैसे मागायचे कुणाकडे? कुणी जमवलंय का?

कडकभाकरी
पहिला प्रश्न : माळढोक पक्षी दिसला का?

माळकरी_सर
@कडकभाकरी, नाही. रस्त्यावरच्या फलकावर दिसला. मुलांनी त्याच्यासोबत फोटो काढले.

चाटी_गल्ली
सर, भावना पोचल्या. पण उगा पैशाचं रडगाणं कशाला? आमच्या वेळी कंबर तलावावर सायकलनं जायचो, बगळे मोजायचो, रुपया लागला नाही. निसर्ग फुकट आहे की ओ.

पूर्वभाग
@चाटी_गल्ली, काका, तुम्ही सायकलनं गेलात म्हणजे तुमच्याकडं सायकल होती.

चाटी_गल्ली
भाड्याची होती बे. तासाला पन्नास पैसे.

पूर्वभाग
म्हणजे गाडीभाडं लागलंच.

गव्हाणी
चाटी गल्लीवाल्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, म्हणून आमचा अनुभव लिहिते. थोडं लांबेल.

आमची शाळा जुन्या इमारतीत आहे. वरच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. शिपाईमामा रोज कुरकुरायचे की खाली घाण पडते. एक दिवस मी ती घाण नीट बघितली. अंगठ्याएवढ्या, काळपट, वाळलेल्या गोळ्या होत्या. घुबड उंदीर सबंध गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांची गोळी करून तोंडावाटे टाकतं. विष्ठा नाही ती.

पंचवीस-तीस गोळ्या गोळा केल्या आणि कडक उन्हात चांगल्या आठवडाभर वाळवल्या. मुलांना हातमोजे आणि तोंडाला रुमाल. कोमट पाण्यात गोळी सोडायची, फुगली की चिमट्यानं आणि दाभणानं केस बाजूला करायचे, निघेल ते हाड काळ्या कागदावर मांडायचं. पहिल्या पाच मिनिटांत सगळे "ई ई" करत होते. मग एकाला सबंध कवटी सापडली आणि वर्ग गप्प झाला. उंदराचे पुढचे दात पिवळे-नारिंगी असतात, चिचुंद्रीचे पांढरे आणि टोकदार. एवढी एक खूण सांगितली, तर पोरांनी तासाभरात हिशेब मांडला की कुठल्या गोळीत किती उंदीर आणि किती चिचुंद्र्या. एका गोळीत तीन कवट्या निघाल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्षभर तोंड न उघडलेली, तिनं विचारलं, "मॅडम, आमच्या घरी तंबाखूच्या पोत्यात उंदीर होतात, ते पण हेच खाईल का?"

खर्च झाला हातमोज्यांचा आणि चिमट्यांचा, चारशेच्या आत. तर हो, काही गोष्टी जवळपास फुकट होतात. पण मी त्या वर्षी बारा रविवार शाळेत घालवले. ते बारा रविवार कुठल्याच हिशेबात नाहीत.

ता. क. : एका मुलानं कवटी खिशात घालून घरी नेली. दिवस नेमका अमावास्येचा. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत.

कडकभाकरी
आजीचं काय झालं पुढं? अर्धवट नका सोडू.

गव्हाणी
आजींना बसवलं, चहा दिला, मुलांनी मांडलेले कागद दाखवले. "हे सगळं त्या एका पाखरानं खाल्लं?" म्हणाल्या. जाताना म्हणाल्या, पाखराला हाकलू नका, पण कवटी घरी नको. शिपाईमामाही आता गोळ्या झाडून टाकत नाहीत, डब्यात ठेवतात.

हिशोबनीस
मी एका कारखान्याच्या लेखा विभागात आहे, सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामावरच्या खर्चाची, कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. सरांच्या मूळ प्रश्नाला धरून लिहितो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी लागू झालं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही त्या कायद्याच्या अनुसूची सातमध्ये (चालणाऱ्या कामांच्या यादीत) बसतात, त्यामुळे विषयाची अडचण नाही. अडचण असते ती पैसे घेणाऱ्याची. त्याच्याकडे नोंदणीकृत न्यास किंवा संस्था हवी, १२ए आणि ८०जी (आयकर खात्याकडच्या नोंदण्या) हवं, सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा आणि साधारण तीन वर्षांचं काम दाखवता यायला हवं. एकट्या शिक्षकाला कंपनी पैसे देऊ शकत नाही. शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे हे सगळं आहे का, ते आधी बघा. बऱ्याच जुन्या संस्थांकडे ८०जी असतं आणि फॉर्म तेवढा भरलेला नसतो.

आणखी एक. "पगार ५ टक्क्यांतच बसवा" असं बरेच जण सांगतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयीन खर्चावर आहे. मुलांना माळावर फिरवणाऱ्या माणसाचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. तो न घाबरता अंदाजपत्रकात लिहा.

माळकरी_सर
@हिशोबनीस, हे फार उपयोगाचं. आमच्या संस्थेचं उद्याच विचारतो.

रेल्वे_लाईन्स
हिशोबनीस, कागदावर ठीक आहे हो. आमच्या शाळेत एक प्रायोजक आले होते (नाव नको). पर्यावरण शिक्षण म्हणून दोनशे टी-शर्ट, दोनशे टोप्या, शंभर रोपं. टी-शर्टवर मागंपुढं त्यांचं चिन्ह. रोपं लावली, फोटो झाले, पाहुण्यांचं भाषण चाळीस मिनिटं. आम्ही म्हणालो, टोप्या नकोत, त्या पैशात मुलांना हिप्परगा तलावावर नेऊ. उत्तर आलं, "बसचा फोटो कसा लावणार अहवालात?" रोपांचं काय झालं ते मे महिन्यात सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको.

पूर्वभाग
टी-शर्ट अजून आहेत का? आमच्या गल्लीत एकजण घालून फिरतो, मागं "झाडे वाचवा", तोंडात गुटखा.

उत्तर_तालुका
मी माळाच्या बाजूचा शेतकरी. वाचून बरं वाटलं, रागही आला. शहरातली पोरं दुर्बिणी घेऊन येणार, आमची पोरं कुंपणाच्या अलीकडं शेळ्या राखत बघणार.

जरा मागचं सांगतो. १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, पलीकडं कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. गावंच्या गावं आत. जमीन विकायची, तारण ठेवायची म्हणली की अडलंच. माझ्या वडलांनी एका पाखरापायी सातबारा हातात धरून हेलपाटे मारले. पुढं क्षेत्र कमी करून बाराशेवर आणलं, पण तोवर माळढोक म्हणलं की आमच्याकडं शिवीच झाली होती. लहानपणी आम्ही ते पाखरू डोळ्यांनी बघितलंय. भरल्या ज्वारीतनं मान वर काढून चालायचं, शेळीच्या उंचीचं. आता पोराला दाखवायचं म्हणलं तर फलकच हाय.

तर पैसे जमवा, जरूर जमवा. पहिली फेरी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची काढा. त्यांना बस पण लागत नाही, चालत जातील. आणि दाखवायला माणूस आमच्यातलाच घ्या. मेंढरं राखणाऱ्याला लांडगा कुठनं उतरतो, खोकडाचं बीळ कुठं हाय, टिटवी कुठं बसते, सगळं ठाऊक असतंय. त्याला दिवसाची मजुरी द्या. फुकट या म्हणू नका, त्याचा दिवस बुडतो.

गव्हाणी
उत्तर_तालुका दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद मोठ्या अक्षरात छापायला हवा.

माळकरी_सर
दादा, तुम्ही म्हणता ते मनाला लागलं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात फक्त माझीच ४२ मुलं होती.

हिरवा_ध्यास
सगळे फिरायचंच बोलताहेत. कृती कुठाय? नान्नजचा माळ उजाड आहे. शाळांनी मिळून तिथं दहा हजार झाडं लावावीत, प्रत्येक मुलाचं नाव झाडाला. याला देणगीदार लगेच मिळतील.

कुसळी
@हिरवा_ध्यास, कृपा करून नको. माळ म्हणजे झाडं तोडून उरलेली पडीक जमीन नव्हे. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, मुरमाड उथळ माती, इथलं मूळ रूपच गवताचं. माळढोक, धाविक, चंडोल हे पक्षी, काळवीट, लांडगा यांना लांबवर नजर पोचणारी मोकळी जमीन लागते. माळढोक जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. भोवती झाडी उभी राहिली की त्याला शत्रू दिसत नाही, शिवाय शिकारी पक्ष्यांना आणि कावळ्यांना बसायला जागा होते. या माळावर पूर्वी ग्लिरिसिडियाची झाडं लावली होती, ती पुढं काढायची वेळ आली.

मुलांना कृतीच हवी असेल तर गवत मोजायला लावा. सुतळीनं मीटरभर चौकोन आखायचा, आतल्या गवताचे प्रकार वेगळे करायचे, कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी. चरलेल्या जागेत एक चौकोन, राखलेल्या जागेत एक. आठवीचं पोरगं अर्ध्या तासात सांगतं की चराई म्हणजे काय. सुतळीचा गुंडा तीस रुपये.

हिरवा_ध्यास
मला हे माहीत नव्हतं. पण लोकांना झाड कळतं, गवत कळत नाही. गवतासाठी पैसे कोण देईल?

कुसळी
तोच तर धाग्याचा प्रश्न आहे.

अक्कलकोट_रोड
जरा विषयांतर. आमच्या घरी कन्नड. आजोबा माळढोकाला "येरेभूत" म्हणायचे. येरे म्हणजे काळी माती, काळ्या रानातलं भूत. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, चिमणीला पिच्चुका म्हणतात. शाळेत "चिमणी म्हण" असं शिकवतात. सर, तुमच्या वर्गात तीन भाषांतली नावं गोळा करायचा तक्ता करा. त्याला तर गाडीभाडंही नको, आज्या पुरेत.

कडकभाकरी
आणि तलावावरच्या काळ्या, कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात, हे पोरांना सांगा. आमचा लेक हिप्परग्यावर म्हणाला, "बाबा, हे पंढरपूरला न जाता इथंच का थांबलेत?" मी म्हणालो, चंद्रभागेत पाणी सुटायची वाट बघताहेत.

चाटी_गल्ली
हिप्परगा म्हणजे एकरूख तलाव ना? इंग्रजांच्या काळातला. आमचे आजोबा सांगायचे

चाटी_गल्ली
अर्धवट गेलं. असो, मोठी गोष्ट आहे, परत कधीतरी.

वनवाटा
काही व्यवहाराच्या सूचना, कुणी हिरमोड मानू नये. अभयारण्यात वर्ग न्यायचा तर वन विभागाची परवानगी आधी घ्या, मुलांची संख्या कळवा. पावसाळ्याचे महिने टाळा, तो जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा काळ. शाळांचा वनमहोत्सव नेमका १ ते ७ जुलै, तेव्हा सगळ्यांना उत्साह येतो. त्या दिवसांत माळात घुसण्यापेक्षा शाळेच्या आवारातच काय ते करा. घरटं, अंडी, पिल्लू यांच्याजवळ फोटोसाठी मुलांना उभं करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ हा शिक्षकालाही लागू आहे.

चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भोवत्या मध्य आशियातून आलेले असतात आणि संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारीख डॉ. सालिम अलींचा. चितमपल्ली आपल्या सोलापूरचेच, वन खात्यात आयुष्य काढून शेवटी इथंच परतले. त्या आठवड्याला धरून मागितलं तर लोक नाही म्हणत नाहीत.

रेल्वे_लाईन्स
आमदार-खासदार निधीतून होईल का? खासदारांना वर्षाला पाच कोटी असतात म्हणे.

हिशोबनीस
तो निधी टिकाऊ मालमत्तेसाठी. खोली बांधून मिळेल. त्या खोलीतून मुलांना माळावर नेणारी बस मिळणार नाही. खरी गोम इथंच आहे. इमारत, फलक, संगणक, रोपं, दुर्बीण अशा वस्तूंना पैसा मिळतो. गाडीभाडं आणि माणूस या दोन गोष्टी वर्ष संपलं की संपतात, मागं दाखवायला काही उरत नाही, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही.

माळकरी_सर
अगदी हेच. आमच्या शाळेत राष्ट्रीय हरित सेनेचा, म्हणजे मुलांच्या पर्यावरण मंडळाचा, गट आहे. त्या अनुदानातून फलक रंगला, कुंड्या आल्या, खत आलं. वाईट नाही. पण मूल शाळेच्या फाटकाबाहेर पडत नाही.

पूर्वभाग
सर, एसटी बघितली का? शालेय सहलीला प्रासंगिक करारावर (अख्खी गाडी ठरवून घेतली तर) भाड्यात पन्नास टक्के सवलत असते. खाजगीच्या मागं का लागलात?

माळकरी_सर
सवलत ठाऊक होती, पण डोक्यात पक्कं होतं की ती दिवाळीनंतरच्या लांबच्या सहलींसाठी, वेरूळ-महाबळेश्वरच्या. नान्नजसारख्या जवळच्या ठिकाणाला विचारायचं सुचलंच नाही. माझी चूक.

माजी_विद्यार्थी_८८
पुण्यात असतो, शाळा सोलापुरातच झाली. दहावीच्या आमच्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट आहे, सकाळी फुलं आणि रात्री राजकारण. काल हा धागा तिथं टाकला. मी लिहिलं, "देणगी द्या" नाही, "एका फेरीचं भाडं कोण घेतो?" संध्याकाळपर्यंत चार जणांनी चार फेऱ्या घेतल्या. वर्गणी म्हटलं असतं तर सगळे "जय हो" टाकून गप्प बसले असते. एकानं अट घातलीय, त्याच्या नावाचा फलक नको, पण मुलांनी काय बघितलं ते पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं. टाईप केलेलं चालणार नाही.

कडकभाकरी
ही अट घालणारा माणूस कोण, त्याला माझ्याकडून एक किलो शेंगाचटणी.

गव्हाणी
पोस्टकार्ड फार चांगलं. हिशोबनीस म्हणतात तसं तीन वर्षांचं काम दाखवायला हेच कामी येईल. टोपीतल्या फोटोपेक्षा "मला खोकडाचं बीळ दिसलं, त्याला दोन दारं होती" हे वाचून कुणीतरी पैसे देईल.

रेल्वे_लाईन्स
देईल का? मला शंका आहे. चार मित्र चार फेऱ्या देतील, पुढच्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी व्हॉट्सॲप गट फुटलेला असेल. भाबडेपणा नको. संस्थेच्या नावानं नियमित सोय झाली नाही तर हे सगळं एका सरांच्या बदलीपर्यंतच टिकतं.

माळकरी_सर
रेल्वे_लाईन्स, तुमच्याशी वाद घालत नाही, बरोबर असाल. तरी या वर्षापुरतं काय ठरलं ते लिहितो.

संस्थेच्या कार्यालयात विचारलं. ८०जी आहे, सीएसआर-१ नाही. लेखापरीक्षकांकडे कागद दिलेत. ते होईपर्यंत माजी विद्यार्थ्यांच्या चार फेऱ्या. एसटीच्या सवलतीत त्याच पैशात किती जास्त बसतं ते बघतो. मुलांकडून पैसे घेणार नाही, कुणाकडूनच नाही, म्हणजे कुणाला आठ दिवस आधी आजारी पडायला नको.

पहिली फेरी आमची नाही. उत्तर_तालुका दादांच्या गावची शाळा आणि आमचा वर्ग एकत्र, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. ती मुलं चालत येणार, आमची बसनं. दादांनी त्यांच्या ओळखीच्या एका मेंढपाळ काकांना विचारलंय. दिवसाचे सहाशे ठरले, रोख, त्याच संध्याकाळी. ते बोलणार, मी ऐकणार. परवा फोनवर म्हणाले, "मास्तर, पोरांना पांढरे सदरे घालून आणू नका, लांबून दिसतात. आणि लांडगा दिसला तर वरडायचं न्हाई."

कुसळी, सुतळीचे चौकोन कसे आखायचे ते त्या दिवशी येऊन दाखवाल का?

कुसळी
येतो. सुतळी माझी.

उत्तर_तालुका
आमच्या शाळेच्या गुरुजींनी होकार दिलाय. जेवण आमच्या गावात. भाकरी, पिठलं, ठेचा. डबे आणू नका, माळावर प्लास्टिक नको.

कडकभाकरी
माझ्या नावाचा अनुल्लेख सहन केला जाणार नाही. भाकरी कडक असावी. मी येऊ का?

गव्हाणी
सर, हातमोजे आमच्याकडे पंचवीस जोड आहेत, धुऊन ठेवलेत. भोवत्यांच्या मुक्कामाच्या जागी गोळ्या मिळतील. वनवाटा, त्या उचलायला परवानगी लागेल ना?

वनवाटा
हो, अभयारण्यात काहीही उचलायचं तर आधी विचारा. सहलीच्या अर्जातच तशी ओळ घाला. अर्जाच्या दोन प्रती न्या, सोबत मुलांची यादी आणि मुख्याध्यापकांचा शिक्का.

माळकरी_सर
यादी करायला घेतली. ४२ नावं आपसूक लिहिली गेली. ती गेल्या वेळची "बरं नाही" म्हणणारी मुलगी विचारत होती, सर, लांडगा दिसला तर ओरडायचं नाही, पण हळू आवाजात सांगितलं तर चालेल का?

उत्तर_तालुका
चालतंय म्हणावं. पण आधी काकांना सांग, मग सरांना.